लंकाबाईची हाळी

करवंदवाडीत कुणाचाही फोन आला की निरोपाच्या आधी त्या माणसाला लंकाबाईच्या शिव्या पोचायच्या. "आलाय तुझा फोन, मेल्या, पाय उचल की!" ही त्यातल्या त्यात सौम्य. पन्नाशीची, काटक, एकटी बाई. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि आवाज असा की समोरच्या कड्यावर आदळून परत यायचा. तिला कुणी कधी प्रेमळ म्हटलं नाही, आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नाही. पण गावाचा एकुलता एक फोन सहा वर्षं तिच्या घरात होता आणि त्या सहा वर्षांत एकाही माणसाचा निरोप वाया गेला नव्हता. हे तिच्याशी ज्यांचं पटत नव्हतं तेसुद्धा कबूल करायचे.

भंडारदऱ्याच्या धरणामागे, एसटी जिथं थांबते तिथून तासभर चढ चढून गेलं की करवंदवाडी लागते. जीपगाडी धक्के खात वरपर्यंत येते, एसटी येत नाही. एवढ्या डोंगरात तारेचे खांब कोण आणणार? म्हणून सरकारनं वाऱ्यावरचा फोन दिला. छपरावर लोखंडी दांडी, तिच्या शेजारी उन्हावर चालणारा पत्रा, मागच्या पडवीत बॅटरी आणि तिला चिमट्यांनी लावलेल्या दोन वायरी. सरपंच राजूरला राहायचे, ग्रामपंचायतीच्या खोलीला बारा महिने कुलूप. फोन बसवायला आलेले साहेब म्हणाले, ज्या घरात माणूस कायम असतं असं घर दाखवा. लंकाबाई पुढं झाली. "मी कुटं जाते मरायला? बशीवा हितं."

तेव्हापासून तिचा नेम ठरला. पहाटे उठल्यावर चूल पेटवायच्या आधी रिसिव्हर उचलून कानाला लावायचा. गुणगुण ऐकू आली की "हाय जित्ता" असं स्वतःशीच म्हणायचं आणि मग काडी ओढायची. पत्र्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची. नदीवर किंवा दळणाला जायची वेळ आली, तर शेजारच्या भीमाबाईला फोनजवळ बसवूनच उंबरा ओलांडायचा. भीमाबाईनं कुरकुर केली तर तिलाही शिव्या.

गाव एका जागी नव्हतंच. तीन वाड्या, तीन डोंगरसोंडांवर. फोन आला की लंकाबाई समोरच्याला सांगायची, "अर्ध्या तासानं पुन्हा लाव." मग घरामागच्या खडकावर चढायची, तोंडाशी दोन्ही हात धरायची आणि हाळी द्यायची. मधल्या वाडीत गोरक्षनाथ नावाचा गुराखी असायचा, तो ऐकायचा आणि पुढच्या कड्याखालच्या वाडीकडं तोंड करून तीच हाळी द्यायचा. थोड्या वेळानं उलट हाळी यायची, "मानूस निघालं होऽऽ." ती आल्याशिवाय लंकाबाई खडकावरून खाली उतरत नसे. उन्हात, थंडीत, अंगात ताप असतानासुद्धा.

आता यशोधराचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापायीच घडलं.

कड्याखालच्या वाडीत बौद्धांची चार घरं, त्यातलं एक रंभाजीचं. रंभाजी वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जायचा. त्याची थोरली यशोधरा. राजूरपर्यंत चालत जाऊन बारावी झाली. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा कंदील घेऊन तीच शिकवायला बसायची. लंकाबाई तिच्या वर्गातली सगळ्यात भांडखोर विद्यार्थिनी. 'ण' आणि 'ळ' यांच्यावरून दोघींची रोज जुंपायची. पण बाई शिकली. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत, हळूहळू का होईना, वाचायला लागली. या उपकाराची तिनं तोंडानं कधी फेड केली नाही. फक्त यशोधराचा फोन आला की हाळीत शिवी नसायची.

यशोधरानं नगरच्या एका केंद्रात नर्सच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. पहिल्या यादीत नाव नाही, प्रतीक्षा यादीत पहिलं. जागा रिकामी झाली तर नाव तिथल्या फळ्यावर लागणार होतं, आणि ठरल्या दिवसाच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. टपालानं कळेपर्यंत मुदत उलटून जायची. म्हणून नगरजवळ भिंगारला राहणारी तिची मावशी दीपा रोज वाट वाकडी करून तो फळा बघायला जायची. नाव लागलं की ती लंकाबाईकडं फोन करणार, लंकाबाई हाळी देणार, यशोधरा पिशवी उचलून निघणार. पिशवी भरून खुंटीला टांगलेलीच होती. इकडं रंभाजीकडं एक स्थळ येऊन थांबलं होतं. तो पाहुण्यांना म्हणाला होता, "यंदा नंबर लागतो का बगू. न्हाईच लागला तर तुमी म्हनाल तसं." तेव्हा सगळा खेळ त्या एका फोनवर येऊन ठेपला होता.

हे सगळं लंकाबाईला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही पुढचं घडलं. म्हणूनच तिचा अर्धा राग आजही स्वतःवर आहे.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर. शनिवारी दुपारी दोन जीपगाड्या धुरळा उडवत वर आल्या. नगरहून, सावेडीतली मंडळी. डॉक्टर, बँकेतले साहेब, दोन प्राध्यापक, त्यांच्या बायका, सगळी मिळून अठराजण. म्होरक्या नितीनसर, इंजिनियर, सावेडीत बंगले बांधणारा, चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. नदीकाठी तंबू ठोकायचे, रविवारी डोंगर चढायचा, सोमवारी दुपारी परतायचं. आणि शिबिराचं वैशिष्ट्य असं की यंत्राला हात लावायचा नाही. टीव्ही नाही, रेडिओ नाही, घड्याळसुद्धा नाही. संध्याकाळी तासभर मौन.

नितीनसरांनी सगळ्यांकडून घड्याळं, वॉकमन, ट्रान्झिस्टर, कॅल्क्युलेटर, स्वतःचा पेजर आणि दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या गोळा करून एका पोत्यात भरल्या. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि ते लंकाबाईच्या स्वाधीन केलं.

"मावशी, सोमवारी दुपारी बारापर्यंत कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. मी मागितलं तरी नाही. शब्द द्या."

"दिला," लंकाबाई म्हणाली. तिला मनातून गंमत वाटत होती. ज्या वस्तू मिळाव्यात म्हणून आपली पोरं झुरतात, त्या हे लोक पोत्यात बांधून बसतात, आणि वर त्याला शिबिर म्हणतात.

मग नितीनसरांची नजर फोनकडं गेली. "मावशी, दोन दिवस हा बंद ठेवता येईल का? आमचं मौन सुरू असताना वाजला तर सगळं बिघडेल. नदीपर्यंत ऐकू येतो हो."

"न्हाई," लंकाबाई म्हणाली. "तुमचं मौन तुमच्यापाशी. फोन गावाचा हाय."

नितीनसर हसले. "बरं बरं," म्हणाले. गोड माणसं अशीच बरं म्हणतात.

अठरा माणसांच्या भाकरीचं काम लंकाबाईनं घेतलं होतं. तीन दगडांची चूल तंबूंच्या खालच्या अंगाला, नदीच्या धारेजवळ मांडायची, गरम भाकरी जागेवर वाढायची, असं ठरलं. एकटीच्यानं होण्यासारखं नव्हतं. तिनं भीमाबाईला सोबत घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा घर फोनसकट एकटं राहिलं. "हाकंच्या अंतरावर तर हाय," असं ती स्वतःला म्हणाली. तव्यावर भाकरी, धूर डोळ्यात, कानात नुसता धारेचा खळखळाट, आणि सूर्य कड्याआड गेलेला. तेवढ्यात मंडळी मौनाला बसली.

रविवारी पहाटे डोंगरावर जाणाऱ्यांना चहा हवा होता. लंकाबाई उठली ती थेट चुलीकडं. रिसिव्हर उचलायचा राहिला. सोमवारीही तसंच झालं. रविवार म्हणजे एरवी फोनचा सणाचा दिवस, मुंबईची पोरं, नाशिकचे जावई, सगळे रविवारीच बोलायचे. त्या रविवारी एकही घंटी वाजली नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती बोलूनही गेली, "आज कुनालाच कुनाची आठवन न्हाई वाटतं."

नितीनसर पाटावर बसून जेवत होते. म्हणाले, "बघा मावशी, आमची शांतता तुमच्या गावाला पण लागू पडली."

सगळे हसले. लंकाबाईसुद्धा हसली. ते हसू तिला नंतर फार लागलं. कुणी थोबाडीत मारल्यासारखं, असं ती सांगते.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास मंडळी तंबू गुंडाळून लंकाबाईच्या अंगणात जमली. पोतं घ्यायला आली होती. इतक्यात चढावरून एक माणूस धापा टाकत येताना दिसला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. दीपाचा नवरा सम्राट. भिंगारला लष्कराच्या भांडारात नोकरीला होता. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या तो ओरडला.

"लंकाक्का, फोन का उचलत न्हाई तुमी? शनिवारपासून दीपा बूथवर उभी हाय! पयल्यांदा वाजला, तवापासून रिंगच जात न्हाई!"

लंकाबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "काय झालं?"

"नाव लागलं यशूचं! शनिवारी सांच्याला फळ्यावर लागलं. आज पाचला मुदत संपती. काल माझी ड्युटी हुती, आज पहिल्या गाडीनं निघालो."

लंकाबाईनं आत जाऊन रिसिव्हर उचलला. गुणगुण नाही. मेलेला. ती मागच्या पडवीत गेली, बॅटरीजवळ बसली. लाल वायरीचा चिमटा काढलेला होता. तुटला नव्हता, उंदरानं कुरतडला नव्हता. नीट काढून, पांढऱ्या हातरुमालात गुंडाळून, बाजूला ठेवला होता. धूळ बसू नये म्हणून! असं नीटनेटकं काम करवंदवाडीत कुणी करत नाही.

तो रुमाल घेऊन ती बाहेर आली. सगळ्यांसमोर वर धरला. अठराजणांच्या घोळक्यात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी नितीनसर घसा खाकरून म्हणाले, "मावशी, ती मी काढली होती. जाताना लावणारच होतो."

"कवा काढली?"

"शनिवारी. मौनाला बसलो आणि... एकदा वाजला ना तो. तुमच्या घरात कुणी नव्हतं. वाजून वाजून बंद झाला. मला वाटलं पुन्हा वाजेल, म्हणून..."

दीपाचा तो पहिला फोन त्यानं स्वतःच्या कानानं ऐकला होता. घरात शिरला होता. हात लांब करून उचलता आला असता. त्यानं उचलला नाही, त्याची वायर काढली. तंबूत परत जाऊन डोळे मिटून बसला आणि त्याला शांत वाटलं! या माणसाला काय म्हणावं, ते करवंदवाडीच्या भाषेत आहे, पण इथं लिहिण्यासारखं नाही. लंकाबाईनं ते सगळं म्हटलं. बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं कानावर हात ठेवले. नितीनसर खाली मान घालून उभे होते, आणि मध्येच म्हणाले, "माझा हेतू वाईट नव्हता."

"तुमचा हेतू घाला चुलीत!"

चिमटा बॅटरीला लावल्या लावल्या फोन गुणगुणला. लंकाबाई खडकावर चढली. अशी हाळी तिनं आयुष्यात दिली नव्हती. "यशोधराऽऽ! नंबर लागला होऽऽ! कागद घेऊन पळत येऽऽ!" गोरक्षनाथानं ती उचलून पुढं टाकली. पंधरा मिनिटांत यशोधरा पिशवीसकट हजर, मागून रंभाजी, पायात वहाण नाही. यशोधरानंच केंद्राला फोन लावला. मुदत वाढवून मिळेल का म्हणून विचारलं. पलीकडचा कारकून म्हणाला, स्वतः हजर राहायचं, मूळ कागद आणायचे, पाच म्हणजे पाच.

नगर तिथून दीडशे किलोमीटर. एसटीनं संध्याकाळ उलटून गेली असती. लंकाबाईनं पोत्याची सुतळी दातानं तोडली, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या काढल्या, पोतं पुन्हा बांधलं आणि काखेत मारलं. एक किल्ली नितीनसरांच्या हातात दिली, दुसरी बाकीच्यांकडं टाकली.

"चला. तुमीच हाकायची."

"अहो, आमची घड्याळं?" मागून कुणीतरी विचारलं.

"नगरला मिळतील. या मागनं." मग भीमाबाईकडं वळून म्हणाली, "हितनं हालशील तर बघ. मुतायला बी जायचं न्हाई."

जीप निघाली. पुढं नितीनसर आणि सम्राट, मागं यशोधरा, रंभाजी आणि मांडीवर पोतं घेतलेली लंकाबाई. राजूर गेलं, अकोलं गेलं. संगमनेरला उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकले, तिथं अर्धा तास गेला. यशोधरा कागदांची पिशवी छातीशी धरून समोर बघत बसली होती. रंभाजी दर थोड्या वेळानं विचारायचा, "किती वाजलं असत्याल?" आणि गाडीत कुणाच्याच मनगटावर घड्याळ नव्हतं. लंकाबाईनं पोत्यात हात घालून एक घड्याळ चाचपून काढलं. साडेतीन. तिनं ते रंभाजीच्या हातात दिलं. तो पुढचा सगळा रस्ता त्यावरच नजर ठेवून बसला, आणि त्यानंतर एकदाही त्यानं वेळ विचारली नाही.

नगर जवळ आलं तशी पोत्यात कसली तरी टींटीं सुरू झाली. नितीनसरांची मान वळली. "मावशी, पेजर आहे माझा. कुणीतरी निरोप पाठवतंय. जरा बघू द्या."

लंकाबाईनं पोत्याची गाठ अजून आवळली.

पुन्हा टींटीं. "मावशी, साइटवरचं काहीतरी असेल. नाहीतर घरी कुणाला बरं नसेल. एकदा बघतो फक्त."

"वाजू द्या," लंकाबाई म्हणाली. "जाताना बघा."

त्यानंतर तो पेजर पाचसहा वेळा तरी वाजला. दर वेळी नितीनसरांचे हात स्टिअरिंगवर आवळायचे. एकदा तर गाडी बाजूला घेतो की काय असं वाटलं. पण सम्राटनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी चालत राहिली. लंकाबाई सांगते, त्याची ती तडफड बघून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अजून राग आला. एवढ्या एका टींटींनं ह्याचा जीव कासावीस होतो, ह्याला कळत होतं तर. घंटी म्हणजे काय ते ह्याला कळत होतं. फक्त ती दुसऱ्याची होती.

केंद्राच्या आवारात शिरले तेव्हा रंभाजीच्या हातातलं घड्याळ पाच वाजून वीस मिनिटं दाखवत होतं.

केंद्राच्या प्रमुख विजयमाला मॅडम कपाटाला कुलूप लावत होत्या. कडक पण सरळ बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेरच्या बाकाकडं बोट केलं. तिथं एक काळीसावळी मुलगी पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून बसली होती, शेजारी तिचा बाप. पाथर्डीकडची. प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव. कुणी आलं नाही तर आपला नंबर लागेल एवढ्या आशेवर ती दोघं सकाळपासून तिथं बसली होती. पाच वाजून पाच मिनिटांनी मॅडमनी तिची सही घेतली होती.

लंकाबाई तरातरा बाकाकडं गेली. मुलगी घाबरून उभी राहिली. तिच्या पायातल्या चपलेला तारेचा टाका होता. बाप हात जोडून म्हणाला, "बाई, आमी कुनाचं काई घेतलं न्हाई. नाव पुकारलं, पोरगी उटली."

इतका वेळ जो राग लंकाबाईनं मांडीवरच्या पोत्यासारखा सांभाळून आणला होता, तो तिथं कुणावर काढायचा? ती मुलगी यशोधरासारखीच दिसत होती. लंकाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शीक, बाय," एवढंच म्हणाली आणि परत फिरली. परत फिरताना मात्र तिचे डोळे नितीनसरांवर होते.

विजयमाला मॅडम म्हणाल्या, "उशिराचं कारण लेखी द्या. मी फाइलला लावते. पुढच्या जूनच्या यादीला विचार होईल. याहून जास्त माझ्या हातात नाही."

नितीनसरांनी लगेच खिशातलं पेन काढलं. झरझर पाचसहा ओळी लिहिल्या, सही केली. लंकाबाईनं तो कागद हातातून ओढून घेतला आणि भिंतीशी बसून वाचायला लागली. अक्षरावर बोट, ओठ हलतायत. सगळे थांबले. मॅडमही थांबल्या. 'सदर गावातील दूरध्वनी यंत्रणेत' इथपर्यंत ती आली. पुढच्या शब्दाशी अडखळली. यशोधरा खाली वाकून सांगायला गेली तर तिच्यावर डाफरली, "मी वाचते!" मग एकेक अक्षर जुळवून तिनं मोठ्यानं वाचलं. "तांत्रिक... बिघाड... झाल्यामुळे."

ती उठली.

"बिगाड? कसला बिगाड झाला माझ्या फोनला? सहा वर्स मी त्येला लेकरावानी पुसते. बिगाड त्येला झाला का तुमाला झाला?" तिनं कागदाचे चार तुकडे केले. "पुन्हा लिवा. मी वायर काडली असं लिवा. का काडली त्ये बी लिवा."

"मावशी, अहो, हे सरकारी कागद... माझी इथं कामं चालू असतात. लोक काय म्हणतील?"

"वायर काडताना लोकाचं आठवलं न्हाई तुमाला?"

मॅडमनी टेबलाच्या खणातून दोन कोरे कागद काढून पुढं सरकवले. म्हणाल्या, "खरं असेल तेच लिहा. बिघाडाचे अर्ज माझ्याकडं ढिगानं आहेत."

नितीनसरांनी लिहिलं. या वेळी झरझर नाही. लंकाबाईनं ते दोनदा वाचलं, त्यांच्याकडूनच दुसऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं, त्यावर मॅडमचा शिक्का मारून घेतला आणि घडी करून चोळीत ठेवलं. मग पोतं त्यांच्या पायाशी टाकलं. नितीनसरांनी सगळ्यात आधी पेजर काढला. बायकोचा निरोप होता. पाहुणे जेवायला थांबलेत, कधी येणार?

जूनची वाट बघायची होती. सहा महिने. पण रंभाजीचं मन उडालं. लंकाबाई त्याच्या घरी तीन वेळा गेली, भांडली, हातापाया पडली. तो म्हणाला, "लंकाक्का, तुजा दोष न्हाई. पन सहा म्हयनं थांबायचं, फळा बगायचा, फोन वाजायची वाट बगायची. आन् पुन्हा कुनी वायर काडली तर? पावनं थांबायला तयार न्हाईत." यशोधरा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी खुंटीवरची पिशवी तिनं स्वतःच रिकामी केली. मे महिन्यात लग्न झालं.

जूनमध्ये दुपारचा फोन वाजला. दीपा होती. रडत होती. यशोधराचं नाव पहिल्याच यादीत लागलं होतं.

लंकाबाईनं रिसिव्हर खाली ठेवला आणि खडकावर चढली. यशोधरा वाडीत नाही हे तिला माहीत नव्हतं का? होतं. तरीही तिनं पूर्ण हाळी दिली. "रंभाजीच्या यशोधराचा नंबर लागला होऽऽ!" गोरक्षनाथ गडबडला, पण त्यानंही ती तशीच पुढं दिली. लंकाबाई उलट हाळीची वाट बघत खडकावर बसून राहिली. कड्याखालच्या वाडीतून कुणी ओ दिली नाही. मग तिनं यशोधराच्या सासरी निरोप धाडला. विचार करून कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही.

अजूनही थंडीत शहरातली मंडळी जीपा घेऊन वर येतात. घड्याळं काढतात, मोकळा श्वास घेतात, इथं किती शांत आहे म्हणतात आणि लंकाबाईकडं भाकरी मागतात. फोनच्या वर भिंतीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला नितीनसरांचा कागद आहे. ती त्याकडं बोट करते. "आदी ह्यो मोठ्यानं वाचायचा. मग भाकरी." पाहुणे हसत हसत वाचायला लागतात. 'मी खाली सही करणार, माझ्या शिबिराच्या शांततेसाठी, मालकिणीने नाही म्हटलेले असताना, गावाच्या दूरध्वनीची वायर काढली. त्यामुळे कु. यशोधरा हिला निरोप मिळाला नाही. यंत्रणेत कोणताही बिघाड नव्हता.' शेवटच्या ओळीपर्यंत हसू टिकत नाही.

मग कुणीतरी हळूच विचारतंच, "मावशी, पुढं काय झालं त्या मुलीचं?"

"तिलाच जाऊन इचारा," लंकाबाई म्हणते आणि तव्यावर भाकरी टाकते. "तिच्या सासरच्या गावाला फोन न्हाई, रस्ता बी न्हाई. तुमाला तसलीच गावं लई आवडत्यात न्हवं?"